उपमेयाचा शोध : कॅप्टन मँटेल यांचा मृत्यू आणि अनोळखी वस्तूंच्या लष्करी चौकशा

'उडती तबकडी' हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की तो मुळात एका उपमेच्या चुकीच्या वाचनातून जन्मला, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात केनेथ अर्नोल्ड नावाचे एक व्यावसायिक आपले छोटे विमान घेऊन माउंट रेनियर या पर्वताजवळून चालले होते. एका बेपत्ता लष्करी विमानाचा शोध घ्यावा, असाही त्यांचा हेतू होता. त्यांना नऊ चकाकत्या वस्तू रांगेने, अतिशय वेगात जाताना दिसल्या. दोन डोंगरशिखरांमधले अंतर कापायला त्या वस्तूंना किती वेळ लागला हे त्यांनी घड्याळावर मोजले आणि त्यांचा वेग त्या काळातल्या कोणत्याही विमानापेक्षा जास्त आहे, असे अनुमान काढले. त्या कशा उडत होत्या, हे सांगताना त्यांनी पाण्यावर भिरकावलेल्या बशीची उपमा दिली. भिरकावलेली बशी पाण्याच्या पृष्ठभागावरून टप्पे घेत जाते, तशी ती गती होती, असे त्यांनी १९५० मधल्या एका मुलाखतीत पुन्हा स्पष्ट केले. लष्कराला त्यांनी जे रेखाचित्र काढून दिले त्यातली आकृती पुढून गोलसर आणि मागे निमुळती आहे. ती पूर्ण वर्तुळाकार नाही.

अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथे उपमेय अज्ञात होते, उपमान बशी होते आणि साधारण धर्म गती हा होता. वृत्तपत्रांनी मथळा देताना उपमान ठेवले आणि साधारण धर्म बदलला. गतीच्या जागी आकार आला. काही दिवसांतच अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांतून लोकांना तबकडीच्या आकाराच्या वस्तू दिसू लागल्या. आपणही मराठीत त्या आकाराचेच भाषांतर केले. साहित्याच्या अभ्यासकाने या विषयाकडे वळावे ते येथूनच. परग्रहावरून कुणी आले होते की नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न नाही. एखाद्या माणसाने 'मी असे पाहिले' असे सांगितल्यावर त्या कथनाचे शासनसंस्थेने, विशेषतः लष्कराने, काय केले, हा आपला प्रश्न आहे. त्या प्रश्नात एका पंचवीस वर्षांच्या वैमानिकाचा मृत्यू गुंतलेला आहे, म्हणून तो केवळ भाषिक गमतीचा राहत नाही.

काळाची चौकट ध्यानात घेतली पाहिजे. दुसरे महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती आणि सोव्हिएत संघाशी शीतयुद्ध सुरू झाले होते. पराभूत जर्मनीतील शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञान दोन्ही बाजूंनी आपापल्या देशात नेले होते. आकाशात न ओळखता येणारे काही दिसले तर ते शत्रूचे नवे यंत्र असू शकते, ही शंका बाळगणे लष्कराला भागच होते. सप्टेंबर १९४७ मध्ये हवाई दलाचे स्वतंत्र खाते अस्तित्वात आले. त्याच महिन्यात लेफ्टनंट जनरल नेथन ट्वायनिंग यांनी वरिष्ठांना एक पत्र लिहिले. वर्णन केले जाते ते काहीतरी खरोखरच आहे, तो कल्पनेचा खेळ नाही, असे मत त्यात नोंदवून त्यांनी पद्धतशीर अभ्यासाची शिफारस केली. त्यातून 'प्रोजेक्ट साइन' ही चौकशी उभी राहिली. तिचे केंद्र ओहायो राज्यातील डेटन येथे होते. ती प्रत्यक्ष कामाला लागत असतानाच केंटकी राज्यात ती दुर्घटना घडली.

७ जानेवारी १९४८. दुपारी केंटकीच्या राज्य पोलिसांकडे आकाशात एक विचित्र वस्तू दिसत असल्याचे दूरध्वनी येऊ लागले. पोलिसांनी फोर्ट नॉक्स येथील गॉडमन विमानतळाला कळवले. पावणेदोनच्या सुमारास तेथील नियंत्रण मनोऱ्यातील लोकांनाही ती दक्षिणेकडच्या आकाशात दिसली. तळाचे प्रमुख कर्नल गाय हिक्स यांनी ती दुर्बिणीतून पाहिली. कुणालाही ती ओळखता येईना. सुमारे तासाभराने नॅशनल गार्डची चार एफ-५१ मस्टँग विमाने तळाजवळून चालली होती. जॉर्जिया राज्यातून लुइव्हिलकडे जाणाऱ्या या तुकडीचे नेतृत्व कॅप्टन थॉमस मँटेल यांच्याकडे होते. महायुद्धात नॉर्मंडीच्या मोहिमेत वाहतूक विमान चालवून त्यांनी शौर्यपदक मिळवले होते. मनोऱ्याने त्यांना त्या वस्तूचा छडा लावण्याची विनंती केली. एका विमानातील इंधन कमी असल्याने ते पुढे निघून गेले. उरलेली तीन विमाने चढू लागली.

हा प्रवास कमी उंचीवरून करायचा असल्याने विमानांत प्राणवायूची पुरेशी व्यवस्था नव्हती. सुमारे १४,००० फुटांच्या वर प्राणवायूशिवाय जाऊ नये, असा दंडक होता. सोबतच्या दोघांनी सुमारे २२,००० फुटांवर पाठलाग सोडला. मँटेल चढतच राहिले. वस्तू समोर आणि वर आहे, आपण जवळ जाऊन पाहतो, अशा आशयाचे त्यांचे बोलणे मनोऱ्यात ऐकू आले. त्यांचे नेमके शब्द कोणते, याबाबत ऐकणाऱ्यांच्या आठवणी पुढे एकमेकींशी जुळल्या नाहीत. सव्वातीनच्या सुमारास संपर्क तुटला. गॉडमनपासून सुमारे १४० किलोमीटर नैर्ऋत्येला, फ्रँकलिन गावाजवळच्या एका शेतात विमानाचे अवशेष सापडले. मँटेल यांच्या मनगटावरचे घड्याळ ३ वाजून १८ मिनिटांवर थांबले होते.

मृत्यूचे कारण समजणे अवघड नव्हते. विरळ हवेत प्राणवायूअभावी ते बेशुद्ध पडले, विमान चढत गेले, मग कोसळले, असा निष्कर्ष निघाला आणि तो आजही मान्य आहे. परंतु ते ज्याच्या मागे गेले ते काय होते, या प्रश्नाला उत्तर हवे होते. वृत्तपत्रांतून तऱ्हेतऱ्हेच्या वदंता पसरल्या होत्या. मृतदेहावर गोळ्यांच्या खुणा होत्या, अवशेष किरणोत्सारी होते, असे लोक बोलू लागले होते. चौकशी करणाऱ्यांनी खगोलशास्त्राचा आधार घेतला. त्या दुपारी शुक्र साधारण त्याच दिशेला होता. म्हणून ती वस्तू शुक्र होती, असे सांगण्यात आले.

हे उत्तर वरवर शास्त्रीय दिसते. दिशेचे गणित खरेच जुळत होते. पण भर दुपारी शुक्र दिसलाच तर तो सुईच्या अग्राएवढा ठिपका असतो. नेमके कुठे पाहायचे हे ठाऊक असलेल्यालाही तो शोधावा लागतो. येथे तर अनेक गावांतील माणसांना न शोधता ती वस्तू दिसली होती. मनोऱ्यातल्या एकाला ती लाल टोकाच्या आइस्क्रीमच्या कोनासारखी वाटली, तर एकाला वरून ऊन पडलेल्या पॅराशूटसारखी. ठिपक्याला कुणी पॅराशूटची उपमा देत नाही. पुढच्या अहवालांत ही अडचण चौकशी करणाऱ्यांच्याही लक्षात आलेली दिसते. शुक्राच्या जोडीला फुग्याची शक्यता आली, एकाऐवजी दोन फुगे असावेत असेही सुचवले गेले, आणि तरी शुक्र पूर्णपणे गेला नाही. एका घटनेला इतके पर्याय एकत्र लावले की त्यातला कोणताही खरा वाटत नाही.

दरम्यान चौकशीचे नाव आणि वृत्ती दोन्ही बदलली होती. १९४९ च्या आरंभी 'साइन'चे नाव 'ग्रज' झाले. 'ग्रज' म्हणजे आकस. नाव योगायोगाने पडले असेल, पण तेथे काम केलेल्यांच्याच लेखनावरून असे दिसते की या काळात प्रत्येक वृत्तांताला काही ना काही उत्तर चिकटवून तो निकाली काढण्याकडे कल होता. १९५१ मध्ये एडवर्ड रुपेल्ट या तरुण कॅप्टनकडे ही जबाबदारी आली. १९५२ मध्ये चौकशीची पुनर्रचना होऊन तिला 'ब्लू बुक' हे नाव मिळाले. या नावाची हकीकत आपल्यासारख्या प्राध्यापकांना गंमत वाटावी अशी आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांत परीक्षेच्या उत्तरपत्रिका निळ्या मुखपृष्ठाच्या असत आणि त्यांना 'ब्लू बुक' म्हणत. रुपेल्ट यांनी त्यावरून हे नाव घेतले. चौकशी म्हणजे उत्तरपत्रिका, अशी ती कल्पना. अर्थात उत्तरपत्रिकेत काही प्रश्न कोरे सोडण्याची मुभा असते. 'उडती तबकडी' या आकार आधीच ठरवून टाकणाऱ्या शब्दाऐवजी 'अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट', म्हणजे ओळख न पटलेली उडती वस्तू, ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेयही रुपेल्ट यांनी स्वतःकडे घेतले आहे.

रुपेल्ट यांनी मँटेल प्रकरणाची धारिका पुन्हा उघडली. हवाई दलाचे खगोलशास्त्रीय सल्लागार जे. अ‍ॅलन हायनेक यांच्याशी बोलल्यावर शुक्राचे उत्तर टिकत नाही, हे स्पष्ट झाले. मग त्यांनी वर्णनांकडे पुन्हा पाहिले. कोन, पॅराशूट, चांदीसारखी चकाकी, अतिशय मोठा आकार, जवळजवळ स्थिर वाटावी अशी संथ हालचाल. या सर्वांना एकत्र बसेल अशी एक वस्तू १९४८ मध्ये अस्तित्वात होती : 'स्कायहूक' फुगा. पॉलिथिलीनच्या पातळ पापुद्र्याचे हे प्रचंड फुगे अमेरिकेच्या नौदलाने उच्च वातावरणाच्या संशोधनासाठी बनवून घेतले होते. पहिले उड्डाण सप्टेंबर १९४७ मध्ये झाले होते. उंचावर गेल्यावर फुग्याचा व्यास सुमारे १०० फूट होई आणि तो मस्टँग विमानाच्या आवाक्याच्या कितीतरी वर, ६०,००० फुटांहून अधिक उंचीवर तरंगे. सूर्यप्रकाशात तो मैलोगणती अंतरावरून दिसे. तो प्रकल्प गुप्त होता. मँटेल यांना त्याची माहिती असण्याचा संभव नव्हता. मनोऱ्यातल्या माणसांना नव्हती. आणि पहिल्या चौकशीतही ती वापरली गेली नाही.

रुपेल्ट यांनी हा निष्कर्ष 'बहुधा' या शब्दासह मांडला. १९५६ मधल्या आपल्या पुस्तकात त्यांनी ही सारी हकीकत सांगितली आहे. तो फुगा नेमका कोणत्या तळावरून सोडला होता, यावर नंतरच्या अभ्यासकांत मतभेद आहेत; कुणी ओहायो राज्यातला तळ सांगतात, कुणी मिनेसोटातला. परंतु वस्तू स्कायहूक फुगा होती, हे स्पष्टीकरण आज सर्वाधिक स्वीकारले जाते.

येथे थोडे थांबून या प्रकरणाकडे साहित्याच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू. साक्षीदारांनी दिलेल्या उपमा अचूक होत्या. खालून पाहिल्यास वर फुगीर आणि खाली निमुळता असलेला, उन्हात चमकणारा स्कायहूक कोनासारखा किंवा पॅराशूटसारखाच दिसणार. आपल्या अनुभवातल्या ज्या वस्तू सर्वांत जवळच्या होत्या त्या त्यांनी उपमान म्हणून वापरल्या. उणीव त्यांच्या निरीक्षणात नव्हती. उपमेय मात्र त्याच शासनाच्या दुसऱ्या एका खात्याच्या कपाटात बंद होते. अर्नोल्ड यांच्या बाबतीत वृत्तपत्रांनी उपमेचा अर्थ बदलला; मँटेल यांच्या बाबतीत चौकशीने उपमा बाजूला सारून दिशेच्या गणितावर भिस्त ठेवली. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याचे शब्द नीट वाचले गेले नाहीत.

हा प्रकार एकमेव नाही. जुलै १९४७ मध्ये न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथील तळाने 'उडती तबकडी' हाती लागल्याचे पत्रक काढले आणि लगेच ते हवामानाचा फुगा होता असा खुलासा झाला. ते अवशेष सोव्हिएत अणुचाचण्यांचा सुगावा घेण्यासाठी सोडलेल्या 'मोगल' या गुप्त प्रकल्पातील फुग्यांचे होते, असे हवाई दलाने जाहीर केले ते १९९४ मध्ये. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत रॉझवेलची एक संपूर्ण दंतकथा तयार झाली होती. ती खोटी ठरवायला आता खरे उत्तरही पुरेना. गुपित पाळणाऱ्यांकडे देशाच्या सुरक्षिततेचे सबळ कारण होते, हे मान्य करूनही म्हणावे लागते की दंतकथेला जागा त्या मौनानेच करून दिली.

जुलै १९५२ मध्ये खुद्द राजधानी वॉशिंग्टनच्या आकाशात रडारवर अनोळखी ठिपके दिसले आणि देशभरातून वृत्तांतांचा पूर आला. जानेवारी १९५३ मध्ये केंद्रीय गुप्तचर संस्थेने भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची एक समिती बोलावली. या वस्तूंपासून देशाला थेट धोका असल्याचा पुरावा नाही, असे तिने सांगितले. तिला धोका वाटला तो वृत्तांतांचाच. खरा हल्ला झाला त्या दिवशी दळणवळणाच्या वाटा अशा वृत्तांतांनी तुंबून गेल्या तर काय, ही तिची काळजी होती. म्हणून जनतेचे या विषयातले कुतूहल प्रसारमाध्यमांच्या साहाय्याने कमी करावे, अशी शिफारस झाली. त्याच वर्षी हवाई दलाने काढलेल्या नियमांनुसार, जी वस्तू निश्चित ओळखली गेली तिचीच माहिती वृत्तपत्रांना देता येई. न उलगडलेल्या प्रकरणांविषयी बोलण्यास मनाई होती.

या नियमाचा परिणाम विचार करण्याजोगा आहे. लोकांसमोर येणार ती फक्त उत्तरे. 'आम्हाला अद्याप समजलेले नाही' हे वाक्य अधिकृत भाषेतून वगळले गेले. जे वाक्य उच्चारता येत नाही त्याच्या जागी कोणते तरी दुसरे वाक्य शोधावे लागते. मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात दिसलेल्या दिव्यांचे कारण दलदलीतला वायू असू शकेल, असे हायनेक यांनी पत्रकारांना सांगितले, तेव्हा देशभर टिंगल झाली. तेथील लोकप्रतिनिधी जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदीय सुनावणीची मागणी केली. मग एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली कोलोराडो विद्यापीठाने स्वतंत्र अभ्यास केला. यातून विज्ञानाच्या ज्ञानात भर पडलेली नाही, असा निष्कर्ष १९६९ च्या आरंभी प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये 'ब्लू बुक' बंद झाले. १९४७ पासूनच्या एकूण १२,६१८ वृत्तांतांपैकी ७०१ 'अनोळखी' म्हणून शिल्लक राहिले.

या ७०१ वरून बराच वाद आजवर झाला आहे. एका पक्षाला त्यात परग्रहवासीयांचा पुरावा दिसतो, तर दुसऱ्याला हा आकडा नगण्य वाटतो. दोन्ही पक्ष एका व्याकरणिक गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. 'अनोळखी' हे विशेषण त्या वस्तूचा गुण सांगत नाही. ते पाहणारा, त्याच्याकडे असलेली माहिती आणि त्या वेळची परिस्थिती यांच्याविषयी बोलते. रस्त्यात भेटलेला अनोळखी माणूस स्वतःला अनोळखी नसतो. मँटेल प्रकरणातला फुगा नौदलाच्या एका विभागाला पूर्ण ओळखीचा होता.

भारतातले एक प्रकरण या संदर्भात आठवते. ऑगस्ट २०१२ पासून लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरात तैनात असलेल्या आपल्या जवानांना आकाशात तेजस्वी वस्तू दिसू लागल्या. त्या चीनच्या टेहळणी करणाऱ्या ड्रोन असाव्यात, अशी शंका होती आणि सीमेवर तशी शंका येणे रास्तच होते. फेब्रुवारी २०१३ पर्यंत सैन्याने ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा त्या वस्तूंनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडली, असे नमूद होते. मग भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांची मदत घेण्यात आली. त्यांनी या वस्तूंच्या हालचाली ताऱ्यांच्या आणि ग्रहांच्या हालचालींशी ताडून पाहिल्या. त्या वस्तू दोन होत्या : गुरू आणि शुक्र. उंचावरच्या विरळ, स्वच्छ हवेत ते नेहमीपेक्षा अधिक तेजस्वी दिसत होते. २०१३ च्या जुलैमध्ये ही बातमी आली तेव्हा पुष्कळांनी ती हसण्यावारी नेली. ग्रहांनी केलेली घुसखोरी, असे विनोदही झाले.

मला मात्र त्यात हसण्यासारखे फारसे दिसत नाही. जवानांनी जे पाहिले ते वेळेसह नोंदवले होते. म्हणूनच ते ग्रहांच्या स्थानांशी ताडता आले. केंटकीत शुक्र हे उत्तर चुकले आणि लडाखमध्ये शुक्र हेच उत्तर, गुरूच्या जोडीने, बरोबर निघाले. तेव्हा एखादे स्पष्टीकरण साधे, नित्याचे आहे म्हणून ते आपोआप खरे ठरत नाही आणि अद्भुत नाही म्हणून खोटेही ठरत नाही. ते साक्षीदाराच्या प्रत्येक शब्दाशी जुळते का, हे पाहिले की नाही यावर सारे अवलंबून असते. केंटकीतल्या चौकशीने दिशा जुळताच समाधान मानले. लडाखच्या चौकशीने महिनोन् महिन्यांच्या नोंदी मांडून पाहिल्या.

अमेरिकेत आता संज्ञा पुन्हा बदलली आहे. 'उडती वस्तू' ऐवजी अधिकृत कागदपत्रांत 'अनोळखी विलक्षण घटना' अशा अर्थाचा शब्दप्रयोग येतो; म्हणजे ती वस्तू आहे, ती उडते, ही दोन गृहीतकेही काढून टाकली आहेत. २०२२ मध्ये संरक्षण खात्याने त्यासाठी नवे कार्यालय स्थापले. १९४५ पासूनच्या सर्व शासकीय चौकशांचा आढावा घेऊन, परग्रहावरील तंत्रज्ञानाचा कोणताही पुरावा आढळला नाही, असा अहवाल त्या कार्यालयाने मार्च २०२४ मध्ये दिला. अनेक दर्शनांच्या मुळाशी तत्कालीन गुप्त प्रकल्प होते, हेही त्यात मान्य केले आहे. त्या गुप्त प्रकल्पांच्या यादीत फुगे आहेत, टेहळणी विमाने आहेत.

व्यावहारिक मराठीच्या तासाला आपण अहवाललेखन शिकवतो. विषय, दिनांक, स्थळ, निष्कर्ष, शिफारशी असा साचा फळ्यावर लिहितो आणि भाषा निःसंदिग्ध असावी, असे सांगतो. मँटेल प्रकरणाची धारिका त्याच वर्गात वाचायला देता येईल. काय दिसले, कुणी कोणत्या शब्दांत सांगितले, त्यावरून चौकशी करणाऱ्याने काय अनुमान केले आणि कोणता भाग अजून उलगडायचा आहे, हे चार स्तर वेगळे ठेवणे अहवालात किती अवघड असते, हे तिच्यातून दिसेल. आइस्क्रीमच्या कोनाची ती उपमा पहिल्याच वर्षी कुणी गांभीर्याने वाचली असती तर मँटेल परत आले नसते हे खरे. पण ते भर दुपारी एका ग्रहाच्या मागे धावले, असे त्यांच्या घरच्यांना ऐकावे लागले नसते.